एकोणीस नोव्हेंबरच्या आधी

हूकडाम, शनिवार, १७ ऑक्टोबर १९५३

हेस्टर,

आज सकाळी नव्या घराच्या दाराला कुलूप बसवलं. दुपारपर्यंत बांध-मंडळाच्या कचेरीत काम केलं. नंतर डिनाच्या कबरीवर जाऊन आलो, बटाटे उकडले, आणि आता लिहायला बसलो आहे.

घर नॉर्वेच्या लोकांनी पाठवलेलं आहे, सगळं लाकडाचं. गावात अशी अकरा उभी राहिली. खाली दोन खोल्या आणि वर दोन. यानाची खोली वर, रस्त्याच्या बाजूला ठेवली आहे. तिथून बांध दिसत नाही. पडदे मी शिवले. शेजारच्या बाई बघून म्हणाल्या, "मरिनुस, कापड मापून कापतात, अंदाजाने नाही." पडदे वीतभर आखूड झाले आहेत, पण चालतील.

शाळा उन्हाळ्यापासून सुरू आहे. पूर्वी सेहेचाळीस मुलं होती, आता एकतीस आहेत. मास्तर यानाबद्दल विचारत होते.

फेब्रुवारीच्या पुरात डिना गेल्यापासून तुम्ही आमच्या मुलीला सांभाळलंत. साडेआठ महिने झाले. त्याबद्दल काय लिहावं ते मला येत नाही. एकोणीस नोव्हेंबरला यानाला दहा वर्षं पूर्ण होतील. वाढदिवस इथे, तिच्या घरी व्हावा असं वाटतं. चौदा तारखेला, शनिवारी, मी तिला न्यायला येऊ का?

मरिनुस


आपेलडोर्न, गुरुवार, २२ ऑक्टोबर १९५३

मरिनुस,

पत्र मिळालं. याना बरी आहे. गणितात वर्गात दुसरी आली. खाणं चांगलं आहे, बोलणं कमी आहे.

घर झालं हे वाचून बरं वाटलं. पण तारखेबद्दल लिहायलाच हवं. माझ्याकडची वाढदिवसांची दिनदर्शिका तुम्ही पाहिली आहे. सगळ्यांच्या घरी असते तशीच संडासाच्या दाराला आतून टांगलेली आहे. वडिलांनी डिनाला आणि मला एकेक दिली होती. त्यात वार नसतात, म्हणून ती जन्मभर पुरते. तुम्हाला माहीत आहे, ते बांधावरचे मुकादम होते. त्यांनी वाढदिवसांच्या शेजारी पुरांची वर्षंही लिहून ठेवली. माणसांसाठी काळी शाई आणि पाण्यासाठी लाल.

एकोणीस नोव्हेंबरच्या रेघेवर काळ्यात "याना १९४३" आहे आणि लालमध्ये १४०४ आणि १४२१. एकोणीस नोव्हेंबर हा सेंट एलिझाबेथचा सण, तिच्या नावाचा पूर दोनदा त्याच दिवशी आला. दुसऱ्या वेळी गावंच्या गावं गेली. लहानपणी वडील हे सांगायचे तेव्हा डिना आणि मी हसायचो.

मी पंचांग बघितलं. यंदा पौर्णिमा वीस तारखेला आहे. म्हणजे उधाण त्याच दिवसांत येईल. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती तारीख जाऊ द्या. वाढदिवस आम्ही इथेच साधेपणाने करू.

हेस्टर


हूकडाम, बुधवार, २८ ऑक्टोबर १९५३

हेस्टर,

तुमचं म्हणणं समजलं. मी इंजिनियर साहेबांना विचारलं. आपल्या बाजूचा बांध आता पूर्वीपेक्षा सव्वा मीटर उंच आहे. फेब्रुवारीत फुटला तो भाग तर पूर्ण नवा आहे. वीस तारखेची पौर्णिमा मीही पाहिली आहे. वारा नसेल तर उधाणाने काही होत नाही.

तरीही तुमची काळजी मी समजतो. तर मग शनिवारी, एकवीस तारखेला येतो. वाढदिवसाचा केक दोन दिवस उशिरा खाऊ.

शेजारच्या बाईंनी पडदे काढून नेले आणि खाली पट्टी जोडून आणले. म्हणाल्या, "आता कुणी आलं तर तूच शिवले म्हणून सांग, नाहीतर माझी अब्रू जाईल." पट्टी वेगळ्या रंगाची आहे.

मरिनुस


आपेलडोर्न, मंगळवार, ३ नोव्हेंबर १९५३

मरिनुस,

एक गोष्ट माझ्या आधी लक्षात आली नव्हती. सहावीला इतिहास शिकवताना काल आली. सोळाव्या शतकात आपल्याकडे दिनदर्शिका बदलली, तेव्हा मधले दहा दिवस गाळले. त्यामुळे जुन्या लोकांची तारीख आणि आपली तारीख एक नाही. १४२१ साली हा फरक नऊ दिवसांचा होता, म्हणून तेव्हाचा एकोणीस नोव्हेंबर आपल्या हिशोबाने अठ्ठावीस नोव्हेंबर होतो. मी तीनदा मोजून पाहिलं. म्हणजे सूर्य तेव्हा जिथे होता तिथे तो या वर्षी अठ्ठावीसला येईल, एकोणीसला नाही.

त्यामुळे एकवीसला तिला नेणं बरोबर होणार नाही. ती नेमकी त्याच्या तोंडावर तिथे पोहोचेल.

आणि डिसेंबरचंही पाहायला हवं. चौदा डिसेंबरला १२८७ चा पूर आहे. नाताळच्या दिवशी १७१७ चा. सोळा जानेवारीला तर दोन आहेत, १२१९ आणि १३६२. सव्वीस जानेवारीला १६८२. मग फेब्रुवारी आहेच. मला वाटतं, हा एक हिवाळा तिला इथेच राहू द्यावं. आपेलडोर्नला पाणी कधी आलेलं नाही. मार्चमध्ये दिवस मोठे होतील तेव्हा पाहू.

हेस्टर


हूकडाम, सोमवार, ९ नोव्हेंबर १९५३

हेस्टर,

तुमचं पत्र चार दिवस टेबलावर ठेवलं होतं. रागात उत्तर लिहायचं नव्हतं.

अठ्ठावीस तारखेला चंद्र अर्धा असतो. त्या दिवशी भांगाची भरती, पाणी पंधरवड्यातलं सर्वांत सुस्त. हे बांध-मुकादमाच्या मुलीला मी सांगावं लागू नये. तुमच्या पत्रातल्या तारखा मी कागदावर एकाखाली एक मांडल्या. माझ्या मुलीने घरी यावं असा त्यात एकही दिवस नाही. मार्चमध्ये तुम्हाला आणखी सापडतील. सातशे वर्षांत आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ पूर आले आहेत.

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. एकतीस जानेवारीला, शनिवारी, दुपारच्या जेवणाला डिना म्हणाली की वारा असा कधी ऐकला नाही, तिला भीती वाटते. मी कचेरीतून नुकताच आलो होतो आणि भूक लागली होती. मी हसलो. म्हणालो, "तुझ्या वडिलांच्या दिनदर्शिकेत बघ. एकतीस जानेवारीला काही नाही. एक फेब्रुवारीलाही काही नाही. सातशे वर्षांत काही झालं नाही ते आज कशाला होईल?" रात्री आम्ही नेहमीसारखे खालच्या खोलीत झोपलो. याना माळ्यावर झोपली होती. पाणी आत आलं तेव्हा मी जिन्यापर्यंत पोहोचलो. डिना नाही पोहोचली.

त्या दिवशी आम्ही दोघं माळ्यावर झोपलो असतो तर ती आज असती. आम्ही खाली झोपलो, कारण त्या तारखेला काही नव्हतं.

तेव्हा मला तारखा सांगू नका. एकवीसला मी येतो आहे.

मरिनुस


आपेलडोर्न, शुक्रवार, १३ नोव्हेंबर १९५३

मरिनुस,

तुम्ही डिनाबद्दल जे लिहिलंत त्यावर मला आत्ता काही लिहिता येत नाही. नंतर लिहीन.

यानाबद्दल मी एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. तिला दिनदर्शिका पाठ झाली आहे. ती रोज तिथे बसून वाचते. मी दार ठोठावलं की म्हणते, "मावशी, झालं, आले." वहीच्या मागच्या पानावर तिने सगळी लाल वर्षं उतरवून घेतली आहेत. एक फेब्रुवारीच्या रेघेवर पेन्सिलीने "आई" असं लिहिलेलं मला सप्टेंबरमध्ये दिसलं. मी पुसलं नाही आणि तिला काही विचारलंही नाही. दिनदर्शिका काढून ठेवायला हवी होती. वडिलांचं अक्षर आहे म्हणून ठेवली.

काल मी तिला सरळ विचारलं, एकोणीसच्या आधी तुला घरी जायचं आहे का? ती म्हणाली, "नाही. बाबांनाच एकोणीसला इथे आणता येणार नाही का?" म्हणजे तिलाही तिकडे यायची भीती वाटते, हे तुम्ही मान्य करा. मी सांगितलं की बाबा येऊ शकत नाहीत. ते बांधाच्या पहारा-तुकडीत आहेत आणि त्या दिवशी त्यांची पाळी बांधावरच आहे, म्हणून गावाला भिण्याचं कारण नाही. तिला धीर यावा म्हणून सांगितलं. ती जेवण अर्धं टाकून उठली.

एकवीसला यायचं असेल तर या. पण तिला हाताला धरून ओढून न्यावं लागलं तर न्याल का, याचा विचार करून या.

हेस्टर


हूकडाम, सोमवार, १६ नोव्हेंबर १९५३

हेस्टर,

बुधवारी दुपारपासून शुक्रवारी सकाळपर्यंत माझी पाळी आहे. उधाणाच्या दिवसांत ती असतेच. शनिवारी पहिल्या बोटीने निघतो. ओढून नेणार नाही. ती नाही म्हणाली तर तिच्याशी बोलेन, आणि परत येईन.

तिला इथे यायची भीती वाटते हे वाचल्यापासून कामात लक्ष नाही. आज एकच आकडा दोनदा लिहिला. तो जिना तिलाही आठवत असणार.

मरिनुस


तार. आपेलडोर्न, १८ नोव्हेंबर १९५३, दुपारी ४.४०

याना शाळा सुटल्यापासून बेपत्ता. बुधवारची अर्धी सुट्टी. पिशवी आणि कोट नाही. पोलिसांना कळवलं. तिकडे आली का. हेस्टर


तार. हूकडाम, १८ नोव्हेंबर १९५३, संध्याकाळी ७.५५

सापडली. पलीकडच्या धक्क्यावर सुखरूप. वाऱ्यामुळे बोट बंद. सकाळी जातो. मरिनुस


हूकडाम, शुक्रवार, २० नोव्हेंबर १९५३

हेस्टर,

तारेत लिहिता येत नाही ते आता लिहितो.

तुमची तार मला बुधवारी सहाच्या सुमाराला बांधावर मिळाली. पोस्टातला माणूस सायकल हातात धरून चालत आला, वाऱ्यात बसता येत नव्हतं. मी तार वाचली आणि सर्वांत आधी पाण्याकडे बघितलं. ती दीडशे किलोमीटर लांब, कोरड्या जमिनीवर हरवली होती. तरी मी पाण्याकडेच बघितलं.

मी पाळी दुसऱ्याकडे देऊन पोस्टात गेलो. ती निघाली असेल तर तुम्ही दोघी उन्हाळ्यात आलात त्याच रस्त्याने येणार, रॉटरडॅमपर्यंत गाडी, मग ट्राम, मग बोट. शेवटची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली होती. पलीकडच्या धक्क्यावर फोन लावून मिळायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. बोटवाल्याच्या बायकोने फोन घेतला. मी विचारलं, दहा वर्षांची मुलगी आली आहे का, एकटीच? तिने मला उलट विचारलं, "तिच्या उजव्या मोज्याला गुडघ्याजवळ रफू आहे का?" मला सांगता आलं नाही. माझ्या मुलीच्या मोज्याला रफू आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, हेस्टर.

मग ती म्हणाली, "बरं, राहू द्या. वाटाण्याच्या सुपाची तिसरी वाटी चालू आहे, आणि बोट का सोडत नाही म्हणून माझ्या नवऱ्याला झापते आहे. तुमचीच ना?"

मी म्हणालो, हो.

गुरुवारी सकाळी पहिल्या बोटीने पलीकडे गेलो. बोट फार हलत होती आणि बोटीवर मी एकटाच प्रवासी होतो. ती धक्क्यावरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून उभी राहिली, पण धावत आली नाही. पिशवीत पाच मेणबत्त्या, काडेपेटी, अर्धा पाव, तिची दोरीवरच्या उड्यांची दोरी आणि शाळेच्या पोहण्याच्या तासाला कमरेला बांधतात तो बुचाचा, तरंगायचा पट्टा होता. पट्टा बाहेर काढून म्हणाली, "हा लहान आहे. पण तुमच्या दंडाला बसेल."

तिला इकडे यायची भीती वाटते असं तुम्ही समजलात आणि मीही समजलो. तिला माझ्यासाठी भीती वाटत होती. एकोणीसला मी बांधावर असणार हे तुम्ही तिला सांगितलंत, आणि तिने दुसऱ्या दिवसापासून मेणबत्त्या जमवायला सुरुवात केली. मी विचारलं की आधी पत्राने का नाही कळवलंस. ती म्हणाली, "तुम्ही ऐकलं नसतं. तुम्ही हसता."

मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहितो. ती म्हणाली, "आईला तुम्ही सांगितलं होतं, आज काही नाही. मी जिन्यावर होते. मला ऐकू आलं."

म्हणजे तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. साडेनऊ महिने मी तिच्यापासून लपवत होतो, आणि तेवढेच महिने ती माझ्यापासून. बोटवाल्याची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली.

मी तिला म्हणालो, "तारखेत काही नव्हतं, याना. वाऱ्यात होतं. आई वाऱ्याबद्दल बोलत होती आणि मी तिला तारीख सांगितली."

तिने पाण्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आता वाऱ्याकडे बघता?"

"रोज. उठल्यावर आणि झोपताना."

"आज कसा आहे?"

"वायव्येकडून होता, तो आता पश्चिमेला वळला. उतरेल."

"नक्की?"

"नक्की माहीत नाही," मी म्हणालो. "म्हणून तर बांधावर जायचं."

दहाच्या बोटीने आम्ही परत आलो. बोटीवर तिने माझा कोट दोन्ही हातांनी धरला होता. घरी जाण्याआधी तिला बांधावर नेलं. बांधातून पाणी सोडायच्या मोरीजवळ पातळी मोजायची पट्टी आहे, भरतीच्या वेळी तिचा आकडा तिला वाचायला लावला. तिने दोनदा वाचला. मग बांधाच्या माथ्यापर्यंत नजरेने मोजून म्हणाली, "अजून एक माणूस उभा राहील एवढं आहे." तुकडीतला एक जण म्हणाला, "मरिनुस, हिला कचेरीत घे. तुझ्यापेक्षा बरं वाचते." ती हसली नाही, पण त्याच्याकडे वळून बघितलं.

केक शेजारच्या बाईंनी केला. पडद्यांबद्दल यानाने विचारलं, हे कुणी शिवले? बाई लगेच म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी."

काल ती बूट घालून झोपली. मी काढायला लावले नाहीत. मीही फेब्रुवारीपासून कपडे घालूनच झोपतो, तेही तुम्हाला लिहिलं नव्हतं. आम्ही दोघं वरच्या मजल्यावर झोपतो.

ती आता इथेच राहते आहे. मी विचारत नाही, कळवतो आहे. हे कठोर वाटेल. तिचे कपडे आणि वह्या पाठवाल का?

मरिनुस


आपेलडोर्न, शनिवार, २८ नोव्हेंबर १९५३

मरिनुस,

आज यानाची पेटी रेल्वेने पाठवली. त्यात कपडे, वह्या आणि लोकरीचे नवे मोजे आहेत. रफू उजव्याच मोज्याला आहे, गुडघ्याच्या खाली. ती पडली होती ऑगस्टमध्ये.

आज अठ्ठावीस तारीख आहे. इथे वारा नाही. तुमच्याकडेही नसेल अशी आशा करते.

मी तारखा शोधत होते तेव्हा मला पाण्याची भीती होती, हे खरं आहे. एकोणीसबद्दल लिहिलं तेव्हा ती होतीच. अठ्ठावीसबद्दल लिहिलं तेव्हा कमी होती. चौदा डिसेंबर शोधून काढला तेव्हा पाण्याचा विचारही मनात नव्हता. संध्याकाळी शाळेतून येऊन दार उघडल्यावर आत कुणी नसेल, एवढाच होता. तुम्ही तो कागदावर मांडून ओळखलात.

आता ते दुसरं. डिना मला दर शनिवारी पत्र लिहायची, तुम्हाला माहीत आहे. एकतीस जानेवारीचं पत्र तिने दुपारच्या बोटीच्या टपालात टाकलं होतं. ते मला बुधवारी मिळालं, तोपर्यंत ती गेल्याचं मला कळलेलं होतं. त्यात तिने लिहिलं आहे की वारा फार आहे आणि मरिनुस म्हणतो आज काही नाही. हे मी वाचलं होतं. तुमच्याशी बोलताना, तुम्हाला पत्र लिहिताना, प्रत्येक वेळी ते माझ्या मनात होतं. मुलगी तुमच्याकडे द्यायची नाही असं मी त्या एका ओळीवरून ठरवलं होतं.

पुढची ओळ मी वाचूनही न वाचल्यासारखी केली. ती अशी आहे: "मीही जाऊन दिनदर्शिका बघितली. खरंच काही नाही, म्हणून सोमवारचं धुणं नेहमीसारखं भिजवणार आहे."

तिने स्वतः बघितलं होतं, मरिनुस. ती माझ्या वडिलांची मुलगी होती. तुम्ही काहीच बोलला नसतात तरी तिने तेच बघितलं असतं. मीही तेच बघितलं असतं. ते पत्र सोबत पाठवते आहे. ते तुमच्याजवळ असायला हवं होतं आणि मी जवळजवळ दहा महिने खणात ठेवलं. याची माफी मागायची कशी ते मला कळत नाही.

यानाला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला वाटतं दाखवावं.

एक फेब्रुवारी सोमवारी येतो आहे. मुख्याध्यापकांकडे मी तीन दिवसांची रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं नाही. डिनाला पुरलं त्यानंतर उन्हाळ्यात एकदाच मी बोटीत बसले, यानाला घेऊन, आणि तेव्हा सबंध वेळ डोळे मिटून होते. तुम्ही नको म्हणाला नाहीत तर शनिवारी शेवटच्या बोटीने येईन आणि तुमच्याकडे राहीन. वर झोपायला जागा नसेल तर जिन्याच्या वरच्या टोकाला गादी घाला. खाली झोपणार नाही. यानाला सांगा, मावशीही भिते.

दुपार होत आली. आज शनिवार, गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या दाराची पायरी घासून घेतली आहे, माझीच राहिली. पत्र बंद करते आणि बादली भरून आणते.

हेस्टर